गावचा जुना एसटी स्टँड दुरुस्त होतोय, दिव्यांग प्रवाशांसाठी नक्की काय काय मागायचं?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्याजवळच्या एका तालुक्याच्या गावातून लिहितेय. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, काम अजून कागदावरच आहे आणि उगाच कुणाच्या नावाने वाद नको. आमचा स्टँड जुना आहे, चिऱ्याच्या भिंती आणि वर पत्रे. आता दुरुस्तीला पैसे मंजूर झालेत आणि आमच्या नागरिक मंचाला सांगितलंय की सूचना असतील तर लेखी द्या. मिटिंगमधे बहुतेकांचं मत पडलं की पुढे एक रॅम्प मागायचा, एक व्हीलचेअर ठेवायला सांगायची आणि विषय संपवायचा, पण मला काही ते पटेना.

स्टँडची रचना सांगते म्हणजे कल्पना येईल. रस्ता ते इमारत मधे डांबर उखडलेलं आवार. जोतं साधारण दोन फूट, पुढून चार पायऱ्या. आत हॉल, चौकशीची खिडकी छातीएवढ्या उंचीवर. पास आणि सवलतीच्या कार्डाचं काम माडीवर. शौचालय मागच्या बाजूला, त्यालाही दोन पायऱ्या. फलाट आठ, गाड्या तोंड आत घालून लागतात. आणि पाऊस तुम्हाला माहितीच आहे आपल्याकडचा, जून ते सप्टेंबर हॉलची फरशी कोरडी अशी नसतेच.

येणाऱ्यांत डायलिसिसला जिल्ह्याच्या गावी जाणारे आहेत, पोलिओ झालेले दोघेतिघे रोजचे आहेत, एक अंध मास्तर आहेत, आणि गणपतीत मुंबईहून येणारे चाकरमानी ज्यांच्या आईवडिलांचे गुडघे बदललेत ते तर विचारू नका. पैसे मोजकेच आहेत. मग आधी काय मागायचं? लिफ्ट मागायची का? कायद्याने काही बांधील आहेत का हे लोक? जाणकारांनी सांगावं.

चिरेबंदी

ताई, मी सिव्हिलवाला, कोकणातच कामं करतो, म्हणून बांधकामापुरतं सांगतो.

पहिलं म्हणजे रॅम्प मागताना नुसतं "रॅम्प" लिहू नका, उतार लिहा. नियमातला जास्तीत जास्त उतार १:१२ म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. तुमचं जोतं दोन फूट, म्हणजे २४ फूट रॅम्प, शिवाय वर आणि खाली चेअर वळायला दीड मीटर सपाट जागा. हे ऐकलं की ठेकेदार म्हणणार एवढी जागा नाही, आणि चार पायऱ्यांवर सिमेंट ओतून घसरगुंडी करून देणार, तिला पण कागदावर रॅम्पच म्हणतात. तपासायला सोपं आहे, मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप उतारावर ठेवा, ४.८ डिग्रीच्या आत आलं तर १:१२, सात डिग्री दाखवलं तर तो १:८ झाला, त्यावर एकट्या माणसाने चेअर चढवायचा विचारच सोडा. मी तर म्हणेन पावसाचा मुलूख आहे तर १:१५ मागा, तीस फूट होईल पण ओल्यात हात मारत चढणाऱ्याला फरक कळतो.

पण त्याआधी जागेवर जाऊन एक बघा. आपल्याकडे सपाट जमीन कुठेय, सगळं उतारावरच बांधलेलं. इमारतीच्या एखाद्या अंगाला जोतं नऊ इंच किंवा फूटभरच असेल. तिथे दार पाडलं तर रॅम्प निम्म्याने कमी. फक्त ते दार सगळ्यांचं दार झालं पाहिजे, कँटिनच्या मागून उष्ट्या भांड्यांमधून जाणारी वाट नको.

पृष्ठभाग: चकचकीत टाइल अजिबात नको. झाडू मारलेलं काँक्रीट किंवा खरखरीत केलेला कोटा दगड. आणि रॅम्पवर छप्पर हवंच, नाहीतर जुलैपर्यंत शेवाळ धरतं आणि मग त्यावरून धडधाकट माणूस पण सरकतो. पायथ्याला पाणी जायला चर आणि वर जाळी, पण जाळीच्या फटी अर्ध्या इंचाच्या आत आणि आडव्या, चेअरची पुढची छोटी चाकं त्यातच अडकतात.

रेलिंग दोन्ही बाजूला आणि दोन उंचीवर. साध्या लोखंडाला रंग फासलेलं रेलिंग खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं आणि हाताला कापतं. स्टीलचं म्हणाल तर बाजारात सर्रास ३०४ ग्रेडचं देतात, किनाऱ्याजवळ त्यालाही तांबूस डाग पडतात, ३१६ टिकतं पण महाग. परवडत नसेल तर गरम जस्तात बुडवून काढलेला जीआय पाइप घ्या, दिसायला भिकार पण टिकाऊ.

लिफ्टच्या मागे लागू नका. पासचं काम माडीवर आहे ना, मग ते खाली आणा! एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक खिडकी हलवायचीय. लिफ्ट बसवली की तिचा मेंटेनन्स, लाइट गेली की बंद, खाऱ्या हवेत पॅनल खराब, आणि स्टँड सखल भागात असेल तर खालच्या खड्ड्यात पाणी. चिपळूण २२ जुलै २०२१ ला बुडालं ते आठवा. माणसाला कामापर्यंत वर नेण्यापेक्षा काम खाली आणणं जुन्या इमारतीत नेहमी स्वस्त पडतं.

नाम्या_मालवणी

रॅम्पाचा काय सांगतस गो बाय. आमच्याकडे एका हापिसाक रॅम्प बांधलो हा, बरो बांधलो हा, पण सकाळी धा वाजले की त्येच्यार मोटारसायकली लावन ठेवतत. बोलाक गेला तर म्हणतत पाच मिनटात काढतंय. तेव्हा रॅम्पाच्या तोंडार दोन खांब आधी मागून घे.

चिरेबंदी

@नाम्या खांबांतून चेअर गेली तर बाईक पण जाते रे. तीन फूट तर सोडावेच लागतात. बाईकवाल्यांना दुसरीकडे सावलीत पार्किंग आखून दिलं तरच रॅम्प मोकळा राहतो, हे पण अर्जात टाका ताई.

चाकांवरची_स्वारी

मी स्वतः चेअर वापरतो, मणक्याला मार लागल्यापासून. चिरेबंदींचं सगळं मान्य, पण तुम्ही सगळे इमारतीत अडकलाय. मला इमारतीत जायचं नाहीये हो, मला चिपळूणला जायचंय. इमारत मधे येते एवढंच.

रिक्षातून उतरल्यापासून सीटवर बसेपर्यंत एकही जागा अशी नको जिथे दोन माणसं शोधावी लागतात. उखडलेल्या आवारात रॅम्पच्या पायथ्यापर्यंतच पोचलो नाही तर तो १:१२ असो की १:२०, काय करू? म्हणून माझ्या मते पहिला खर्च आवारात रिक्षा थांबते तिथपासून दारापर्यंत सलग पाच फुटी काँक्रीटची वाट, मधे गटाराचं झाकण नाही, उंचवटा नाही. हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि याचं कोणी उद्घाटन करत नाही म्हणून ते होत नाही.

दुसरं शौचालय. लोकांना वाटतं रॅम्पवरून अडतं, खरं तर याच्यावरून अडतं. मी प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही, आणि हे माझ्यासारखे सगळेच करतात, कोणालाही विचारा. आतून साधारण दोन बाय सव्वादोन मीटर जागा, दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं आणि मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, कमोडच्या दोन्ही अंगाला धरायचे दांडे, त्यातला चेअरकडचा वर उचलता येणारा. हे सगळं करून दाराला कुलूप आणि आत फिनेलचे कॅन, केरसुण्या आणि गेल्या निवडणुकीचे बॅनर. अशी किती बघितलीत!

तिसरं गाडी. साध्या गाडीला दाराशी उभ्या पायऱ्या, दार अरुंद, मधे दांडा. चेअर आत जातच नाही. तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, चांगलीच आहे, पण ती चढल्यावर. मला आजवर बहुतेक वेळा लोकांनी उचलूनच चढवलंय, माणसं चांगली असतात, कोण काखेत धरतं कोण पायाला, पण पडलो तर दोघंतिघं मिळून पडू. तर स्टँडवर ठेवायची खुर्ची रुग्णालयातल्यासारखी रुंद नको, विमानतळावर असते तशी अरुंद, पट्टे असलेली, जी दारातून आत जाते ती मागा. दोन माणसांना ती धरायची कशी हे शिकवायला एक दुपार पुरते.

निवृत्त_कंट्रोलर

मुली तू चांगला विषय काढलास. आयुष्य फलाटावर शिट्टी मारण्यात गेलं म्हणून थोडं लिहितो.

तुमच्याकडे गाडी तोंड आत घालून लागते म्हणजे दार कुठे येतं ते बघ. दार डाव्या अंगाला, फलाट समोर. म्हणजे प्रवासी फलाटावरून खाली उतरतो, दोन गाड्यांच्या फटीतून चिखलातून चालतो आणि मग चढतो. फलाट कितीही उंच कर, गाडीच्या दाराला तो लागतच नाही. मी बघितलंय नूतनीकरणात फलाटाची उंची वाढवतात, मग उलट म्हातारी माणसं उतरताना पडतात.

उपाय असा. आठपैकी एक फलाट, शक्यतो कडेचा, असा करायचा की गाडी इमारतीला समांतर लागेल, रस्त्यावरच्या स्टॉपला लागते तशी, दार सरळ फलाटाकडे. तो फलाट पहिल्या पायरीएवढा उंच केला तरी म्हाताऱ्यांची निम्मी अडचण जाते. चेअरवाल्यांसाठी त्याच जागी चाकांवरचा ढकलता रॅम्प किंवा वर यांनी सांगितली ती अरुंद खुर्ची. सगळ्या गाड्या तिथे लावायची गरज नाही, ज्या गाडीला असा प्रवासी असेल ती दोन मिनिटं आधी तिथे घ्यायची. कंट्रोलरला जड नाही हे, गणपतीत आम्ही जादा गाड्या कुठे कुठे लावतो ते बघ. फक्त ड्रायव्हरला वळायला जागा पाहिजे, म्हणून आर्किटेक्टने नकाशात गोल काढण्याआधी एक खरी गाडी तिथे वळवून बघावी, चुन्याची रेघ मारून.

आणि फलाट नंबर ठरलेले ठेवा. रोजची गाडी रोज त्याच नंबरला. माणूस कमी म्हणून, जागा नाही म्हणून आज तीनला उद्या सातला असं झालं की धडधाकट माणसाची नुसती धावपळ होते, पण ज्याला चालायला वेळ लागतो त्याची गाडी जाते.

स्पष्टच_बोलतो

सगळं वाचलं. राग मानू नका पण आमच्या स्टँडवर मी रोज असतो, व्हीलचेअरवाला महिन्यात एखादा दिसला तर दिसला. त्यांच्यासाठी एवढं करायचं आणि रोजचे हजार लोक गळक्या पत्र्याखाली उभे. आधी पत्रे बदला खड्डे बुजवा मग बाकीचं.

चाकांवरची_स्वारी

दादा राग नाही. पण दिसत नाही कारण येता येत नाही. साकव (छोटा पूल) नसलेल्या पऱ्ह्यावर (ओढ्यावर) उभं राहून मोजलं तर पलीकडे जाणारं कोणी नाही असंच दिसणार ना पावसाळ्यात? आणि खड्डे बुजवा हेच तर मी पहिलं मागितलं. त्या सपाट वाटेवरून तुमची बायको सामानाची चाकांची बॅग ओढत नेईल, बाळाची गाडी जाईल, आंब्याच्या पेट्या जातील.

हडसनपारचा_कोकणी

मी मूळ गुहागरकडचा, आता न्यूयॉर्कला असतो. तिथली सबवे १९०४ ची, बरीच स्टेशनं अशी की जिना उतरायला पर्यायच नाही. दिव्यांग लोकांनी वर्षानुवर्षं कोर्टात भांडून २०२२ मधे तडजोड झाली की २०५५ पर्यंत ९५ टक्के स्टेशनं सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशी, करायची. म्हणजे आज शाळेत असलेल्या पोराचं लग्न होऊन त्याची पोरं शाळेत जातील तोवर. जमिनीखालचं जुनं बांधकाम फोडून लिफ्ट घालायची म्हणजे एकेका स्टेशनला प्रचंड पैसा. आपला स्टँड जेमतेम एका माडीचा, जमिनीवर, चारही बाजूंनी मोकळा, त्या मानाने किती सोपं आहे बघा.

कान_हेच_डोळे

मी पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर टाइप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आत्तापर्यंत सगळी चर्चा चाकांची झाली, आमच्यासाठी काय लागतं ते सांगतो, आणि ते सगळ्यात स्वस्त आहे. बोला. माइकवरून बोला. कोणती गाडी, कुठून आली, कुठे जाणार, कितव्या फलाटावर, आणि सुटायच्या आधी परत एकदा. पूर्वी आमच्या स्टँडवर एक कंट्रोलर होते, त्यांच्या आवाजावर मी पूर्ण जिल्हा एकटा फिरलोय. आता काही ठिकाणी रेकॉर्ड केलेला आवाज असतो, तोही चालेल, पण पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की एका कर्ण्यातून काही ऐकू येत नाही, त्यापेक्षा हॉलभर छोटे छोटे स्पीकर लावा.

निवृत्त काकांनी ठरलेल्या फलाटाचं लिहिलं ते आमच्यासाठी तर अगदी सोन्यासारखं. मुंबईच्या लोकलला दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे प्लॅटफॉर्मवर टूं टूं आवाज येत असतो, आम्ही त्या आवाजाच्या दिशेने जातो. त्या समांतर फलाटावर तसलं एक यंत्र बसवा.

पिवळ्या टाइल्सचं मात्र सांभाळा. लांब पट्ट्यांची टाइल म्हणजे चला, गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे वळण किंवा धोका आहे. लावणाऱ्या गवंड्याला हे कोणी सांगितलेलं नसतं, तो डिझाइन म्हणून लावतो. पट्ट्या पकडून मी खांबावर आपटलोय, आणि एका ठिकाणी तर पट्टी थेट वडापावच्या टपरीत गेली, वडा चांगला होता ते सोडा. फलाटाच्या कडेला ठिपके हवेतच, खाली गाडीचा रस्ता आहे. टाइल बसवायच्या दिवशी आमच्यातल्या कोणाला तरी काठी घेऊन तिथे बोलवा, सिमेंट ओलं असतानाच.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांना याच्या बरोबर उलट, त्यांना मोठ्या अक्षरांचा बोर्ड. फलाट बदलला आणि नुसतं माइकवर सांगितलं तर ते बसूनच राहतात. म्हणून दोन्ही पाहिजे.

तारीख_पे_तारीख

कायद्याचं विचारलंत म्हणून. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, लागू १९ एप्रिल २०१७ पासून. कलम ४१ मधे बस स्टॉप आणि रेल्वे स्टेशन यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, पार्किंग, शौचालय, तिकीट खिडकी सकट. कलम ४५ म्हणतं की जुन्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ लाच गेली. शिवाय ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतूडी प्रकरणात सांगितलं की नियम १५ चा पहिला भाग कायद्याशी विसंगत आहे कारण त्यातली मानकं नुसती शिफारस म्हणून राहतात, किमान मानकं बंधनकारक करा, केंद्राला तीन महिने दिले. म्हणून "आम्हाला सोय करून द्या" अशी विनंती लिहू नका, कलमं लिहा. दंड कलम ८९ मधे आहे, पहिल्यांदा १० हजारांपर्यंत, नंतर ५० हजार ते ५ लाख.

पण मी वकील असून सांगते, लगेच भांडायला जाऊ नका. आत्ता काम कागदावर आहे हीच वेळ आहे. अंदाजपत्रक आणि नकाशा माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी, ३० दिवस. त्यात "सुगम्यता" नावाची एकच ओळ आणि एकच रक्कम असेल तर समजा की आत काही नाही. उतार, रुंदी, रेलिंगचा प्रकार हे वेगवेगळ्या ओळींत आलं तरच बिल काढताना मोजलं जातं. कोणी दादच दिली नाही तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांच्याकडे तक्रार करता येते. आणि स्टँडच्या बाहेरचा रस्ता, फुटपाथ नगरपंचायतीचा असेल तर स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो त्यांना, तो कुठे गेला ते विचारा, गटारावरची झाकणं आणि बाहेरची वाट याबद्दल त्यांच्याशी बोलता येईल.

खाडीकाठची

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी मंचातल्या दोघांना घेऊन स्टँडवर गेले. चिरेबंदी म्हणाले तसंच निघालं, पार्सल ऑफिसच्या बाजूने जोतं फूटभरच आहे आणि आत भिंतीला जुनी बुजवलेली खिडकी आहे, तिथे दार निघू शकतं. रिक्षा स्टँडही त्याच बाजूला! कडेचा फलाट मात्र समांतर करायचा तर आवारातलं बदामाचं झाड आडवं येतं, त्यावर गावात भांडण होणार हे नक्की, त्याच्या पारावर सगळे पेन्शनर बसतात.

अर्जात क्रम असा टाकतेय: आधी वाट आणि बाजूचं दार, मग शौचालय, पास खिडकी खाली, माइक आणि बोर्ड, मग फलाट. पत्रे वरच्या दादांसाठी. एकच अडलंय, शौचालयाची किल्ली कोणाकडे ठेवायची? उघडं ठेवलं तर दोन दिवसांत वाट लागते म्हणतात, कुलूप लावलं तर वर लिहिलंय तसं गोडाऊन होतं.

निवृत्त_कंट्रोलर

कंट्रोलरच्या केबिनमधे, कारण केबिन पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या मुक्कामाच्या गाडीपर्यंत उघडी असते. सफाईवाल्याकडे नको, तो दुपारी जातो. आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिही की किल्ली केबिनमधे आहे, कार्ड बघायला मागणार नाही.

झाडाचं म्हणशील तर आधी चुन्याची रेघ मारून गाडी वळवून बघ. पार दोन फूट आत घेतला तर झाड वाचेल बहुतेक, ड्रायव्हर जुना असला पाहिजे फक्त.

चाकांवरची_स्वारी

किल्ली केबिनमधे ठीक, पण केबिनला पायरी नाहीये ना काका?